पाण्याखालील मॅक्रो छायाचित्रणातील भिंगांची निवड

पाण्याखालील मॅक्रो छायाचित्रण म्हणजे पाण्यात राहणाऱ्या लहान आकाराच्या सजीवांची जवळून आणि मोठ्या विशालनाने छायाचित्रे घेण्याची पद्धत होय. कवचहीन समुद्री गोगलगायी (न्यूडिब्रँक), कोळंब्या, लहान खेकडे, गोबी व ब्लेनी कुळांतील मासे, समुद्रघोडे, समुद्रपुष्पे आणि प्रवाळांचे जीवक हे या छायाचित्रणाचे नेहमीचे विषय होत. यासाठी स्थिर नाभीय अंतराचे भिंग (प्राइम लेन्स) वापरावे की बदलत्या नाभीय अंतराचे भिंग (झूम लेन्स), हा छायाचित्रकारासमोरील प्राथमिक निर्णय असतो.

जमिनीवर निवड चुकली तर भिंग बदलता येते. पाण्याखाली कॅमेरा जलरोधक आवरणात बंद असल्यामुळे पृष्ठभागावर येईपर्यंत भिंग बदलणे अशक्य असते. त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी केलेली निवड त्या संपूर्ण बुडीसाठी कायम राहते. ही निवड मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. भिंग आणि सजीव यांच्यामध्ये पाण्याचा किती थर राहतो, ही पहिली गोष्ट. आणि सजीवाला न बिथरवता किती जवळ जाता येते, ही दुसरी. पाणी गढूळ असल्यास जवळ जाणे हिताचे ठरते, तर सजीव भित्रा असल्यास दूर राहणे. भिंगाची निवड म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय.

## संज्ञा

विशालन – संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेची लांबी आणि वस्तूची प्रत्यक्ष लांबी यांचे गुणोत्तर. १५ मिलिमीटर लांबीच्या जीवाची संवेदकावरील प्रतिमाही १५ मिलिमीटर असल्यास विशालन १:१ असते, प्रतिमा ७.५ मिलिमीटर असल्यास ते १:२ असते. काटेकोर अर्थाने १:१ किंवा त्याहून अधिक विशालन देणाऱ्या भिंगास मॅक्रो भिंग म्हणतात. अनेक झूम भिंगांवर 'मॅक्रो' असा शब्द छापलेला असतो. तथापि त्यांचे कमाल विशालन पुष्कळदा १:३ किंवा १:४ इतकेच असते.

किमान केंद्रीकरण अंतर – ज्या सर्वांत कमी अंतरावरील वस्तूची स्पष्ट प्रतिमा मिळू शकते ते अंतर. हे अंतर संवेदकापासून मोजतात, भिंगाच्या पुढील काचेपासून नव्हे.

कार्य-अंतर – भिंगाची पुढील काच आणि वस्तू यांमधील अंतर. पाण्याखाली किमान केंद्रीकरण अंतरापेक्षा हेच अंतर अधिक महत्त्वाचे ठरते, कारण प्रकाश पाण्यातून किती प्रवास करील आणि सजीवाला छायाचित्रकाराची उपस्थिती किती जाणवेल, हे त्यावरून ठरते.

पोर्ट – जलरोधक आवरणाची भिंगासमोरील पारदर्शक खिडकी. ती सपाट किंवा घुमटाकार असते. मॅक्रो छायाचित्रणासाठी बहुधा सपाट पोर्ट वापरतात.

## इतिहास

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील बान्यूल्स येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पाण्याखालील छायाचित्रणाच्या आरंभकाळातील हे महत्त्वाचे कार्य मानले जाते. १९६० च्या सुमारास बेल्जियन अभियंता जाँ द वूटर्स यांनी जाक-इव्ह कुस्तो यांच्या सहकार्याने 'कॅलिप्सो' हा वेगळ्या आवरणाची गरज नसलेला कॅमेरा सिद्ध केला. १९६३ पासून निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' या नावाने बाजारात आणला.

निकोनॉसच्या सुरुवातीच्या मालिकेत भिंगातून पाहण्याची सोय नव्हती. मॅक्रो छायाचित्रासाठी भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये विस्तार-नळी बसवत आणि पुढे धातूची चौकट जोडत. सजीव चौकटीत आला की तो आपोआप योग्य अंतरावर असे. स्थिर जीवांसाठी ही पद्धत उपयुक्त होती. मासे मात्र चौकट जवळ येताच निघून जात. १९९२ मध्ये आलेल्या 'निकोनॉस आरएस' या कॅमेऱ्यात भिंगातून पाहण्याची सोय झाली. त्याच्या भिंगांत ५० मिमी मॅक्रो हे स्थिर भिंग आणि २०–३५ मिमी हे पाण्यात वापरण्याचे झूम भिंग, अशा दोहोंचा समावेश होता. निकोनॉस मालिकेचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. त्यानंतर जमिनीवरील अंकीय कॅमेरे आवरणात घालून वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि स्थिर की झूम हा प्रश्न सर्वसामान्य छायाचित्रकारांपुढेही आला.

## पाण्याचे प्रकाशीय परिणाम

### अपवर्तन

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असतो. सपाट पोर्टमधून पाहताना पाण्यातील वस्तू तिच्या प्रत्यक्ष अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर असल्याचे भासते. विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो, त्याचे कारणही हेच. परिणामी भिंगाचा दृष्टिकोन आकसतो आणि समान अंतरावरून घेतलेली प्रतिमा हवेतील प्रतिमेपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठी येते.

रुंद कोनाच्या भिंगांसाठी हा दोष ठरतो, कारण चित्राच्या कडांवर विरूपण होते आणि अपस्करणामुळे रंगांच्या कडा उमटतात. मॅक्रो भिंगाचा दृष्टिकोन अरुंद असल्यामुळे त्यावर हा परिणाम अत्यल्प होतो. उलट, मॅक्रो छायाचित्रणात अपवर्तनाचा फायदाच होतो. किमान केंद्रीकरण अंतरावर भिंगाचे विशालन हवेत असते तेवढेच राहते. परंतु वस्तू प्रत्यक्षात अधिक दूर असते. उदाहरणार्थ, एखाद्या भिंगाचे १:१ विशालनाचे कार्य-अंतर हवेत १४ सेंटिमीटर असेल आणि पोर्टची काच भिंगापुढे २ सेंटिमीटरवर असेल, तर हवेत काचेपुढे १२ सेंटिमीटर अंतर उरते. पाण्यात हेच अंतर सुमारे १६ सेंटिमीटर होते.

### वर्णशोषण आणि विकिरण

पाणी प्रकाशातील लाल रंग प्रथम शोषून घेते. काही मीटर खोलीवरच लाल व नारिंगी रंग फिके पडतात आणि दृश्य निळसर-हिरवे होते. त्यामुळे मॅक्रो छायाचित्रणात फ्लॅश किंवा प्रखर दिवा जवळजवळ अनिवार्य असतो. फ्लॅशचा प्रकाशही जाताना व परतताना पाण्यातूनच प्रवास करतो, म्हणून जवळून घेतलेल्या चित्रात रंग अधिक खरे उतरतात.

पाण्यात तरंगणारी माती, वाळू व प्लवक यांच्यावरून फ्लॅशचा प्रकाश परावर्तित होऊन चित्रात पांढरे ठिपके उमटतात. पोर्ट आणि वस्तू यांमधील पाण्याचा थर जितका जाड, तितके हे ठिपके अधिक. फ्लॅश कॅमेऱ्यापासून बाजूला व तिरपा ठेवल्याने ते कमी होतात, पण पूर्णपणे नाहीसे होत नाहीत.

## स्थिर नाभीय अंतराची मॅक्रो भिंगे

स्थिर भिंगाचे नाभीय अंतर बदलता येत नाही. जीव चौकटीत लहान-मोठा दिसावा यासाठी छायाचित्रकारालाच पुढे-मागे सरकावे लागते. एकाच कामासाठी रचना केलेली असल्यामुळे या भिंगांतून सहसा १:१ विशालन आणि कडांपर्यंत स्पष्ट प्रतिमा मिळते. त्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात.

५० ते ६० मिमी – या वर्गातील भिंगांचे १:१ विशालनावरील कार्य-अंतर बहुधा ५ ते १० सेंटिमीटर इतकेच असते. निकॉनच्या ६० मिमी भिंगाचे (२००८) किमान केंद्रीकरण अंतर १८.५ सेंटिमीटर, तर कॅननच्या लहान संवेदकासाठीच्या ६० मिमी भिंगाचे (२००५) २० सेंटिमीटर आहे. पाण्याचा थर कमी राहत असल्याने गढूळ पाण्यातही चित्र स्वच्छ येते. थोडे मागे सरकल्यास वीतभर लांबीचा मासाही चौकटीत मावतो. मात्र १:१ विशालनासाठी पोर्ट जीवाच्या अगदी जवळ न्यावे लागते. त्यामुळे भित्रे जीव पळतात आणि पोर्टची सावली पडल्याने प्रकाशयोजना कठीण होते.

९० ते १०५ मिमी – या वर्गातील भिंगांचे कार्य-अंतर सुमारे १३ ते १५ सेंटिमीटर असते. कॅननच्या १०० मिमी भिंगाचे (२००९) किमान केंद्रीकरण अंतर ३० सेंटिमीटर, तर निकॉनच्या १०५ मिमी भिंगाचे (२००६) ३१.४ सेंटिमीटर आहे. बिळाच्या तोंडाशी बसलेला गोबी किंवा समुद्रपुष्पातील कोळंबी यांना न बिथरवता चित्र घेता येते आणि फ्लॅश मांडण्यास जागा मिळते. तथापि दृष्टिकोन अरुंद असल्यामुळे जीव चौकटीत आणणे व तेथे टिकवणे अवघड जाते. पाणी गढूळ असल्यास चित्राचा कस उतरतो आणि स्वयंचलित केंद्रीकरण वस्तू शोधत पुढे-मागे होत राहते.

लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांत हेच गणित बदलते. ऑलिंपस कंपनीचे ६० मिमी मॅक्रो भिंग (२०१२) 'मायक्रो फोर थर्ड्‌स' संवेदकावर पूर्ण-चौकट कॅमेऱ्यावरील १२० मिमी भिंगाइतका अरुंद दृष्टिकोन देते. म्हणून केवळ नाभीय अंतराच्या आकड्यावरून दोन कॅमेऱ्यांची तुलना करणे योग्य नसते.

## झूम भिंगे

झूम भिंगाने जागेवरून न हलता दृष्टिकोन बदलता येतो. एकाच बुडीत प्रथम माशांचा थवा किंवा सोबती पाणबुड्या आणि नंतर खडकावरचा खेकडा, अशी दोन्ही चित्रे घेता येतात. प्रवाहात एका जागी स्थिर राहणे अवघड असताना पुढे-मागे सरकण्याऐवजी झूम वापरणे सोयीचे असते.

पाण्याखालील मॅक्रो छायाचित्रणात झूम भिंगाच्या चार प्रमुख मर्यादा आहेत.

* विशालन – कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मिमीसारख्या भिंगांचे कमाल विशालन साधारणतः १:३ च्या आसपास असते. लहान जीव त्यात चौकटीचा अल्प भागच व्यापतो.
* पोर्ट – रुंद टोकाला घुमटाकार, तर अरुंद टोकाला सपाट पोर्ट सोयीचे असते. सपाट पोर्ट लावल्यास रुंद टोकाला कोपरे काळे पडतात.
* दंतचक्र – आवरणाबाहेरून झूम फिरवण्यासाठी त्या विशिष्ट भिंगाला बसणारे दंतचक्र लागते. ते नसल्यास झूम भिंगही एका जागी अडकते आणि त्याचा मुख्य लाभ नाहीसा होतो.
* केंद्रीकरण – अनेक झूम भिंगांत नाभीय अंतर बदलताच केंद्रीकरणही बदलते आणि ते पुन्हा साधावे लागते.

खऱ्या अर्थाने मॅक्रो म्हणता येतील अशी झूम भिंगे फार थोडी झाली. निकॉनचे ७०–१८० मिमी भिंग (१९९७) हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे कमाल विशालन १८० मिमी टोकाला सुमारे ०.७५ पट आहे. ऑलिंपसच्या १२–५० मिमी भिंगात स्वतंत्र मॅक्रो स्थिती होती. तीत नाभीय अंतर ४३ मिमीवर स्थिर होत असे. म्हणजेच झूम भिंगाला मॅक्रोचे काम देताना निर्मात्यांनीही ते तात्पुरते स्थिर केले, ही बाब लक्षणीय आहे.

### लहान जलरोधक कॅमेरे

न काढता येणारे झूम भिंग असलेले लहान कॅमेरे हा झूमचाच एक प्रकार होय. ऑलिंपसचा 'टीजी-६' (२०१९) आणि त्यानंतरचा ओएम सिस्टिमचा 'टीजी-७' (२०२३) हे कॅमेरे वेगळ्या आवरणाशिवाय १५ मीटर खोलीपर्यंत जलरोधक असून त्यांच्या सूक्ष्मदर्शी स्थितीत भिंगापासून १ सेंटिमीटरवरील वस्तूचेही चित्र घेता येते. त्यांचा संवेदक लहान असल्यामुळे क्षेत्रखोली अधिक मिळते. परंतु अंधुक प्रकाशात चित्र खरखरीत होते. वस्तू इतक्या जवळ असताना भिंगाच्या सावलीमुळे प्रकाश पोहोचवणे हीच मुख्य अडचण ठरते.

## बाह्य पूरक भिंगे

पोर्टच्या बाहेर पाण्यातच लावता व काढता येणाऱ्या बहिर्गोल पूरक भिंगास 'वेट लेन्स' म्हणतात. बुडी चालू असताना प्रकाशीय रचना बदलण्याचे हे एकमेव सोयीचे साधन असल्याने स्थिर-झूम वादात त्याला विशेष स्थान आहे.

या भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये सांगतात. शक्ती ही मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्तांक असते. म्हणून पाण्यात १० डायॉप्टर शक्तीच्या भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर होय. मुख्य भिंग अनंत अंतरावर केंद्रित असताना मिळणारे विशालन पुढील सूत्राने मिळते:

विशालन = मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ÷ पूरक भिंगाचे नाभीय अंतर

त्यानुसार १० डायॉप्टरचे पूरक भिंग १०० मिमी भिंगावर सुमारे १:१, तर ५० मिमी भिंगावर सुमारे १:२ विशालन देते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पूरक भिंगाचा लाभ लांब नाभीय अंतराच्या भिंगाला अधिक मिळतो. दुसरी, झूम भिंगावर ते वापरायचे असल्यास झूम अरुंद टोकाला न्यावा लागतो. रुंद टोकाला विशालन थोडे मिळते आणि कोपरेही काळे पडतात. पूरक भिंग पाण्यात लावताना ते व पोर्ट यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

## तुलना

१५ मिलिमीटर लांबीचा जीव चौकटीच्या रुंदीचा किती भाग व्यापतो, हे पुढील कोष्टकात दिले आहे.

| संवेदक (रुंदी) | १:४ विशालन | १:२ विशालन | १:१ विशालन |
|---|---|---|---|
| पूर्ण-चौकट (३६ मिमी) | सुमारे १०% | सुमारे २१% | सुमारे ४२% |
| एपीएस-सी (२३.५ मिमी) | सुमारे १६% | सुमारे ३२% | सुमारे ६४% |
| मायक्रो फोर थर्ड्‌स (१७.३ मिमी) | सुमारे २२% | सुमारे ४३% | सुमारे ८७% |

आडव्या दिशेने ६००० चित्रबिंदू असलेल्या पूर्ण-चौकट संवेदकावर १:४ विशालनात हा जीव सुमारे ६२५ चित्रबिंदूंवर, तर १:१ विशालनात सुमारे २५०० चित्रबिंदूंवर उमटतो. चित्र नंतर कापून मोठे करता येते, परंतु न उमटलेला तपशील त्यामुळे मिळत नाही. समुद्री गोगलगायीची जात ओळखताना डोक्यावरील संवेदी शृंगिका आणि पाठीवरील कल्ले यांची रचना पाहावी लागते. छायाचित्राचा हेतू केवळ आठवण ठेवणे हा आहे की नोंद करणे, यावर आवश्यक विशालन ठरते.

| बाब | स्थिर, ५०–६० मिमी | स्थिर, ९०–१०५ मिमी | साधे झूम व पूरक भिंग |
|---|---|---|---|
| कमाल विशालन | १:१ | १:१ | पूरक भिंगावर अवलंबून |
| गढूळ पाण्यातील चित्र | चांगले | मध्यम | पूरक भिंगासह चांगले |
| भित्रे जीव | अवघड | सोयीचे | अवघड |
| मोठे विषय | मर्यादित | जवळजवळ अशक्य | शक्य |
| नवशिक्यास | सोपे | कठीण | सोपे |

## क्षेत्रखोलीविषयीचा गैरसमज

लांब नाभीय अंतराच्या भिंगाची क्षेत्रखोली कमी असते, म्हणून मॅक्रोसाठी ६० मिमी किंवा झूमचे लहान टोक बरे, असा समज आढळतो. दूरच्या विषयांबाबत त्यात तथ्य आहे. मॅक्रो अंतरावर मात्र नाही. विशालन, छिद्रांक व संवेदक समान असल्यास ६० मिमी आणि १०० मिमी भिंगांची क्षेत्रखोली जवळजवळ सारखीच असते. पूर्ण-चौकट संवेदकावर १:१ विशालन आणि एफ/१६ छिद्रांक असताना हवेत ती सुमारे २ मिलिमीटर भरते, पाण्यात सपाट पोर्टमागून किंचित अधिक. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. लांब भिंगात पार्श्वभूमीचा लहानसा भागच दिसतो, त्यामुळे ती अधिक सपाट व एकसंध भासते.

छिद्र आणखी लहान करून क्षेत्रखोली वाढवण्यालाही मर्यादा आहे. १:१ विशालनात एफ/१६ हा छिद्रांक परिणामतः एफ/३२ सारखा वागतो आणि विवर्तनामुळे चित्राची तीक्ष्णता घटते. म्हणून जीवाचे डोळे किंवा शृंगिका स्पष्ट ठेवून उर्वरित भाग अस्पष्ट सोडण्याची पद्धत रूढ आहे.

## महाराष्ट्रातील परिस्थिती

### सिंधुदुर्ग किनारा

महाराष्ट्रात पाण्याखालील छायाचित्रणाचे प्रमुख क्षेत्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली परिसर हे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ तळावर प्रवाळ, समुद्रपुष्पे व अनेक प्रकारचे लहान मासे आढळतात. येथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असल्याने डायव्हिंग बंद असते. हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा चालतो.

हा किनारा उथळ आहे आणि कर्ली नदीसारख्या प्रवाहांतून गाळ येतो. त्यामुळे दृश्यता अनेकदा काही मीटरच असते आणि भरती-ओहोटीनुसार बदलते. परदेशी मार्गदर्शिकांत निर्मळ प्रवाळबेटांसाठी केलेली १०० मिमी भिंगाची शिफारस येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. अशा पाण्यात ६० मिमी वर्गातील स्थिर भिंग किंवा पूरक भिंगासह झूम अधिक उपयोगी ठरते. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर पाणी अधिक स्वच्छ असते. तथापि त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोलीवर असल्याने तेथे १५ मीटर मर्यादेचा कॅमेरा आवरणाशिवाय चालत नाही आणि डायव्हिंगचा पुरेसा अनुभवही आवश्यक असतो.

### ओहोटीची डबकी

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी फार मागे हटते आणि कोकणातील व मुंबईतील खडकाळ किनाऱ्यांवर पाण्याची डबकी उघडी पडतात. डायव्हिंग न शिकलेल्यांनाही येथे समुद्री जीवांची नोंद करता येते. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिक उपक्रमाने अशा किनारा-फेऱ्यांना लोकप्रियता मिळवून दिली. डबके वीतभर खोल असल्याने मोठे आवरण त्यात बुडत नाही. येथे लहान जलरोधक झूम कॅमेरा सर्वांत सोयीचा ठरतो.

### यवतमाळ व इतर भूवेष्टित जिल्हे

यवतमाळसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यांत या छायाचित्रणाचा सराव गोड्या पाण्यात करता येतो. जिल्ह्यातून वा त्याच्या सीमेवरून वर्धा व पैनगंगा या नद्या वाहतात. बेंबळा, अरुणावती व पूस हे येथील प्रमुख प्रकल्प आहेत. कापसाच्या काळ्या जमिनीवरून वाहत येणारे पावसाळी पाणी अत्यंत गढूळ असते. त्यामुळे नैसर्गिक जलाशयांत मॅक्रो छायाचित्रणास फारच थोडा वाव मिळतो. संबंधित विभागाच्या परवानगीविना आणि एकट्याने जलाशयात उतरणे धोक्याचे आहे.

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी काचेचे मत्स्यपात्र हे सुरक्षित व स्वस्त साधन होय. त्याची सपाट काच सपाट पोर्टचेच काम करते. डासांच्या अळ्यांच्या नियंत्रणासाठी सोडले जाणारे गप्पी मासे आणि गोड्या पाण्यातील झिंगे हे सहज मिळणारे विषय आहेत. भिंग काचेला लंब व शक्य तितके चिकटून ठेवल्यास परावर्तन टळते. तिरपे धरल्यास रंगांच्या कडा दिसू लागतात. पात्राच्या आत मोजपट्टी उभी करून तिचे चित्र हवेत व पाण्यात घेतल्यास अपवर्तनामुळे होणारा अंतराचा भास प्रत्यक्ष मोजता येतो. स्थिर भिंगाने आपण किती पुढे-मागे होतो आणि झूमने किती तपशील गमावतो, हेही अशा सरावातून खर्च करण्यापूर्वीच कळते.

## निवडीचे निकष

भिंगाचा खर्च केवळ भिंगापुरता नसतो. प्रत्येक भिंगासाठी योग्य लांबीचे पोर्ट व दंतचक्र लागते आणि आवरणाची किंमत अनेकदा कॅमेऱ्याहून अधिक असते. म्हणून भिंग विकत घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांचा विचार केला जातो.

1. नेहमीच्या ठिकाणी पाण्याची दृश्यता किती असते?
2. विषय बैठे आहेत की भित्रे? गोगलगायींसाठी लहान कार्य-अंतर चालते, बिळातील माशांसाठी चालत नाही.
3. चित्र जातीच्या ओळखीसाठी हवे आहे की प्रसंगाच्या नोंदीसाठी?
4. डायव्हिंगमध्ये तरंगतोल सांभाळण्याचे कौशल्य कितपत आहे? स्थिर भिंग शरीराच्या हालचालींवर अवलंबून असते.
5. एका बुडीत एकाच प्रकारचा विषय अपेक्षित आहे की अनेक?

स्वच्छ पाणी, ठरलेला विषय व अनुभवी पाणबुड्या असल्यास लांब स्थिर भिंग. गढूळ पाणी व बैठे जीव असल्यास लहान स्थिर भिंग. आणि अनोळखी ठिकाण किंवा आरंभीचा काळ असल्यास पूरक भिंगासह झूम, असा सर्वसाधारण क्रम मानता येतो. लांब भिंगावरील केंद्रीकरण-मर्यादेची कळ आवरण बंद करण्यापूर्वीच योग्य स्थितीत ठेवावी लागते, कारण बहुतेक आवरणांतून ती पाण्यात बदलता येत नाही.

## सजीवांची सुरक्षितता आणि कायदा

कार्य-अंतराचा प्रश्न सजीवांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. लहान भिंगाने जवळ जाण्याच्या प्रयत्नात हात, पंख-पादत्राणे किंवा पोर्ट प्रवाळाला लागून इजा होऊ शकते. चित्र चांगले यावे म्हणून जीव उचलून दुसरीकडे ठेवणे, डिवचणे किंवा त्याच्यावर वारंवार फ्लॅश मारणे अनुचित मानले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये समुद्रघोडे व कठीण प्रवाळ यांना कायदेशीर संरक्षण असून २००१ मध्ये त्यांचा अनुसूची १ मध्ये समावेश करण्यात आला.

जो जीव हाताशी असलेल्या भिंगाच्या आवाक्यात येत नाही त्याचे चित्र त्या बुडीत सोडून द्यावे, असा संकेत जबाबदार छायाचित्रकार पाळतात. निवड चुकल्याची भरपाई सजीवाला त्रास देऊन करू नये, हा त्यामागील हेतू होय.

## हे सुद्धा पहा

* अपवर्तन
* बहिर्गोल भिंग
* स्कूबा डायव्हिंग
* मालवण सागरी अभयारण्य
* आंग्रिया बँक
* प्रवाळ